डोळ्याच्या फोटोत दिसलेलं बीपी

ह्यांनी गेल्या दोन वर्षांत दोनदा दुकानात जाऊन चश्म्याचा नंबर बदलून आणला. डोळ्याच्या आत कुणी डोकावलंच नाही. शेवटी मागच्या महिन्यात मीच हट्ट करून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

बाहुली मोठी करायचे थेंब घातले, अर्ध्या तासाने डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढला. मिनिटभरात कॉम्प्युटरने सांगितलं, शुगरमुळे झालेला बिघाड नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. डॉक्टर मात्र फोटो मोठा करून बघत राहिल्या. केशरी गोल, त्यात लाल फांद्या. एका जागी त्यांनी पेन टेकवलं. धमनी शिरेवरून जात होती आणि बरोबर तिथेच शीर चिमटल्यासारखी बारीक झाली होती. पाण्याच्या नळीवर पाय पडावा तशी. "काका, बीपी कधी मोजलंत?" हे गप्प. मोजलं तर १७६/१०४.

मला कळेना, मग कॉम्प्युटरने का नाही सांगितलं? डॉक्टर म्हणाल्या, त्याला फक्त शुगरचा बिघाडच ओळखायला शिकवलंय.

हे माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून घरी येऊन वाचत बसले. शरीर न कापता रक्तवाहिन्या थेट दिसतात ती जागा म्हणजे डोळ्याचा पडदा. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने आत बघायचं यंत्र जगापुढे आणलं, तेव्हापासून डॉक्टर बघताहेतच. पण २०१८ मध्ये गुगलच्या संशोधकांनी सुमारे २ लाख ८४ हजार लोकांच्या पडद्यांच्या फोटोंवर कॉम्प्युटरला शिकवलं, आणि तो नुसत्या फोटोवरून वय सरासरी सव्वातीन वर्षांच्या फरकाने सांगू लागला. फोटो बाईचा की पुरुषाचा, जे डॉक्टरांनाही ओळखता येत नाही, तेही बहुतेक वेळा बरोबर. वरच्या बीपीत मात्र सरासरी ११ अंकांची चूक. म्हणजे दंडाला पट्टा बांधायलाच हवा. शिवाय शिकवायला घेतलेले फोटो अमेरिका-ब्रिटनमधले. आपल्या लोकांचे डोळे दाखवून ते पुन्हा तपासायला हवं, असं मला फार वाटतं. शुगरचा बिघाड ओळखायला कॉम्प्युटरला शिकवण्याच्या गुगलच्या कामात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने हातभार लावलाच होता. मग बीपी, हृदय, मूत्रपिंड यांच्यासाठीही तसं व्हावं. चश्म्याच्या नंबरासाठी तर सगळेच जातात, बीपी मोजायला कोण जातं?

त्या दिवशी दवाखान्यातून येताना रिक्षात बडोद्याच्या सुरसागर तळ्याच्या पाण्यावरचं ऊन त्या थेंबांमुळे ह्यांना सोसेना. माझी ओढणी डोळ्यांवर धरून बसले होते. दांडिया बाजार येईपर्यंत एकच विचारत होते, "दुखत तर काहीच नव्हतं गं?"

गोळी सुरू आहे, काल १३८/८६ आलं. गुरुवारी जाऊबाईंना घेऊन जातेय. बारा वर्षं शुगर आहे त्यांना, आणि पडद्याचा फोटो अजून एकदाही काढलेला नाही.