वांगणीत एक रात्र मायावतीबरोबर (आणि कॅमेऱ्याच्या घड्याळाने घातलेला घोळ)

घोडबंदर रोडला राहून आकाश बघायची हौस म्हणजे जरा अवघडच, आमच्या गच्चीवरून शर्मिष्ठा तारकासमूहसुद्धा कसाबसा ओळखू येतो. म्हणून डिसेंबरात अमावस्येच्या जवळचा शनिवार धरून पाच जण बदलापूरच्या पुढे वांगणीला गेलो. आकाशदर्शन आधी दोनचार वेळा केलं होतं, पण ते म्हणजे रांगेत उभं राहायचं, डोळा लावायचा, "वा" म्हणायचं आणि पुढे सरकायचं. यावेळी ठरवलं होतं की दुर्बीण स्वतः लावायची आणि एका ताऱ्याचं मोजमाप करून घरी आणायचं.

तारा घेतला मायावती, म्हणजे अल्गोल, ययाती तारकासमूहातला. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि त्यातला फिका पण मोठा तारा तेजस्वी ताऱ्यासमोर आला की प्रकाश २.१ वरून ३.४ मॅग्निट्यूडपर्यंत पडतो (मॅग्निट्यूड म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा फिका). दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी हे होतं, आणि उतरायला साधारण पाच तास, चढायला पाच. इंग्लंडच्या जॉन गुडरिक या हौशी निरीक्षकाने १७८३ मध्ये हा काळ जाहीर केला, दुर्बीण नाही, कॅमेरा नाही, नुसत्या डोळ्यांनी!

जायचं असेल तर आधी मिनिममची (तारा सगळ्यात फिका होण्याची) वेळ काढा आणि मग शनिवार शोधा, उलटं करू नका. प्रत्येक मिनिमम तीन दिवसांनी सव्वातीन तास आधी येतो त्यामुळे सोयीच्या वेळेला सलग दोनतीनच सापडतात, बाकीचे दिवसाढवळ्या नाहीतर पहाटे. आमचा साडेदहाचा होता, आणि डिसेंबरात ययाती पावणेदहाच्या आसपास सगळ्यात उंच असते म्हणजे एकदम फिट.

लोकल कर्जत किंवा खोपोलीचीच पकडा, बदलापूरवाली बदलापूरलाच थांबते (हसू नका, आमच्यातला एक जण तिथे उतरून अर्धा तास उभा होता). ठाण्याहून तासभर लागतो. परतीला रविवारचा मेगाब्लॉक बघून ठेवा. फार्महाऊस घेताना मालकाला एकच गोष्ट विचारा, शेजारी लग्न आहे का. आम्ही विचारलं नाही आणि अकरापर्यंत लेझर आणि डीजे झेलला. दव भयंकर पडतं, ताडपत्री न्या, भिंगांवरचं दव उडवायला हेअर ड्रायर न्या, आणि टॉर्चवर लाल जिलेटिन लावा कारण डोळे अंधाराला सरावायला वीसपंचवीस मिनिटं जातात आणि कोणीतरी मोबाईल उघडला की पुन्हा पहिल्यापासून.

आठ इंची डॉब (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) होता. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) उजेड असतानाच लांबच्या टॉवरवर जुळवून घ्या, रात्री अंधारात ते स्क्रू फिरवत बसलं की भांडणं होतात, आणि जुळवताना सूर्याच्या दिशेला अजिबात जाऊ नका. २५ मिमीच्या आयपीसने (डोळा लावायचं भिंग) आधी शोधायचं, मग जास्त मोठं दाखवणारा १० मिमी. देवयानी तारकासमूहातला अल्माक तारा नुसत्या डोळ्यांना एकच दिसतो, दुर्बिणीत एक सोनेरी आणि एक निळा, त्यावर आम्ही अर्धा तास घालवला.

गंमत म्हणजे मायावतीसाठी दुर्बीण कामाचीच नाही. दुर्बिणीत एखाद अंश आकाश दिसतं आणि तुलनेचे तारे चारपाच, दहा अंश लांब. मग वही आणि डोळे. साडेसातला अल्माकपेक्षा (२.१) जरा फिकी होती, नऊला ययातीतल्याच एप्सिलॉन ताऱ्याएवढी (२.९), साडेदहाला तिथल्याच डेल्टा (३.०) आणि कप्पा (३.८) यांच्या बरोब्बर मधे. दर पंधरा मिनिटांनी एक आकडा लिहायचा, आणि आधीचा बघायचा नाही, नाहीतर मन स्वतःच वक्र (वेळेप्रमाणे तेजाचा आलेख) काढायला लागतं. शेजारचा ऱ्हो ययाती तुलनेला घेऊ नका, तो स्वतःच रूपविकारी आहे, म्हणजे त्याचंही तेज बदलतं.

सोबत ट्रायपॉडवर कॅमेरा, ५० मिमी लेन्स, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला फोटो), फोकस मुद्दाम थोडा बिघडवलेला म्हणजे तारा पसरतो आणि पिक्सेल जळत नाहीत. १० सेकंदांचे फोटो, वीसवीसचे गट. झाकण लावून डार्क फ्रेम (काळा फोटो) पण काढा, मी आळस केला आणि नंतर हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरचे उगाच चमकणारे ठिपके, निवडत बसलो. मध्यरात्रीनंतर ययाती वायव्येला बदलापूरच्या उजेडात जाते, तिथले आकडे जास्त उड्या मारतात.

घरी आल्यावर सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये हिरवा चॅनल काढून मायावती आणि एप्सिलॉनचा प्रकाश मोजला, दोन्हींच्या गुणोत्तराचा लॉग घेऊन उणे अडीचने गुणलं की मॅग्निट्यूडमधला फरक. कॅमेऱ्यासाठी अल्माक सोडून दिला कारण तो नारिंगी आणि मायावती निळसर, रंग जुळत नसला की आकडा सरकतो. वक्र इतका सुंदर आला की मी बायकोला उठवून दाखवला (तिचं मत इथे लिहीत नाही).

पण मिनिमम गणितापेक्षा १४ मिनिटं आधी! दोन दिवस डोकं खाजवलं, वक्राचा तळ शोधायला पॅराबोला तीनदा बसवला. यूटीचा (जागतिक वेळेचा) घोळ असता तर साडेपाच तासांचा फरक पडला असता, तोही नाही. शेवटी कॅमेरा मोबाईलशेजारी ठेवला, तर कॅमेऱ्याचं घड्याळ १४ मिनिटं मागे. आता सुरुवातीला आणि शेवटी मोबाईलच्या घड्याळाचा सेकंदांसकट एक फोटो काढतो, मग किती चुकलंय ते नंतर सरळ करता येतं. वेळ ज्युलियन दिवसात (खगोलात वापरतात ती दिवसांची सलग मोजणी) लिहा, तो आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो त्यामुळे रात्रभर पूर्णांक तोच राहतो, मध्यरात्री तारीख बदलायची भानगड नाही.

पुढचा मिनिमम मंगळवारी संध्याकाळी सातवीसला होता, तो गच्चीवरून बघायला गेलो. ययातीतला सगळ्यात तेजस्वी मिरफाक दिसला, अल्माक दिसला, आणि मायावतीच्या जागी नुसतं पिवळट आकाश.