ट्रामने हाकललेली वेधशाळा

अलिबागची सहल आखताना मी बोटीच्या वेळा नंतर बघते, आधी भिंतीवरचं कॅलेंडर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. पंचमीला पावणेचारच्या सुमारास भरती, म्हणजे पावणेदहाला पूर्ण ओहोटी. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात पायी जायला एवढं गणित पुरतं. म्हणून गिरगावच्या ज्येष्ठ नागरिक संघाला मी माघ वद्य पंचमी दिली. कार्यक्रम सुटसुटीत होता: अलिबाग, चौल, रेवदंडा, पलीकडे साळावचं बिर्ला गणपती मंदिर आणि रात्री साहित्य संघात नाटक.

गेटवेहून पहिली बोट, मांडव्याला मिनी बस, वाटेत पोहे. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पाणी घोट्याच्या वर होतं. गुडघे दुखणाऱ्यांना घोडागाडीत बसवलं, बाकीच्यांनी साड्या-पँटी वर खोचल्या. किल्ल्यात राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे. तिथे आरती झाली, ती माझ्या कार्यक्रमात नव्हती. पण गिरगावकरांना देवळासमोर गप्प उभं करणं कुणाला जमलंय?

उत्तरेच्या तटावर गाड्यांसकट दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांवर १८४९ साल कोरलेलं. तिथे सकाळपासून एक शब्द न बोललेले एक काका पुढे आले आणि खिशातून होकायंत्र काढलं. पितळी, काचेला बारीक चरा गेलेलं. तोफेपासून चार पावलांवर ते तळहातावर धरून उभे राहिले. सुई स्थिर. मग हात हळूहळू तोफेकडे नेला, तशी सुई थरथरली आणि उत्तर सोडून चक्क तोफेकडे वळली. "उत्तर बदलली की काय हो?" एका आजींनी विचारलं. मग रांगच लागली. कुणी चष्म्याची डबी धरून बघतंय, कुणी किल्ल्यांचा जुडगा, कुणी डब्याचं झाकण. मी घड्याळाकडे बोट दाखवत होते. सव्वाअकराच्या आत परत फिरायलाच हवं होतं, समुद्र काही सवलत देत नाही.

काका मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतून निवृत्त झालेले. परतताना म्हणाले, "ताई, अलिबागच्या वेधशाळेच्या फाटकापाशी पाच मिनिटं थांबूया." परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, मी दरवेळी बसमधूनच दाखवते. पण थांबलो, आणि पाच मिनिटांचा पाऊण तास झाला.

पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून होत होत्या. पुढे शहरात विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामचा वीजप्रवाह रुळांतून परत जाताना जमिनीत झिरपतो आणि नाजूक उपकरणांना भलतंच काही दाखवायला लावतो. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडचं अलिबाग निवडलं. १९०४ ला इथे काम सुरू झालं, ट्राम धावली १९०७ ला. मधली दोन वर्षं दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या, नव्या आकड्यांचा जुन्यांशी सांधा जुळावा म्हणून. "ट्राम १९६४ ला बंद पडली," काका म्हणाले, "वेधशाळा इथेच राहिली." उपकरणांच्या खोलीत जायचं तर किल्ल्या, पट्ट्याचं बकल, सगळं बाहेर ठेवायचं, हेही त्यांनीच सांगितलं. फाटकावरचा रखवालदारसुद्धा कान देऊन ऐकत होता. ट्रामने शाळेत गेलेली मंडळी होती ती, त्यांना हे जरा जास्तच लागलं.

जेवण उशिरा झालं. सुरमई बरी होती, सोलकढी उत्तम. चौल बसमधूनच. रेवदंड्याला रस्ताच पोर्तुगीज तटातून आत शिरतो, तिथे उतरलो. १४६९ साली चौलला आलेल्या निकितिन या रशियन प्रवाशाचं स्मारक तिथल्या शाळेच्या आवारात आहे, तेही पाहिलं. साळावचा पूल मात्र ओलांडायचा नाही असं मी ठरवलं. संध्याकाळची रो-रो बोट चुकली तर नाटकही गेलं असतं. बिर्ला मंदिरासाठीच आलेल्या एक मावशी भडकल्या. "तोफ बघायला पैसे भरले होते का आम्ही?" त्यांचं चूक नव्हतं. वाटेत थांबून पांढऱ्या कांद्याची एक माळ त्यांना घेऊन दिली. ती त्यांनी घेतली, बोलल्या मात्र नाहीत.

रो-रोच्या लोखंडी डेकवर होकायंत्राने पार मान टाकली, दर चार पावलांवर वेगळी उत्तर. भाऊच्या धक्क्यावरून टॅक्स्या करून केळेवाडीत साहित्य संघाला पोचेपर्यंत तिसरी घंटा झाली होती. दारावरच्या माणसाने अंधारात एकेकाला हात धरून बसवलं. मध्यंतरात बटाटेवड्यापाशी नाटकाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कुणाची ट्राम कुठल्या नाक्यावरून सुटायची, यावरून दोन आजोबांची जुंपली होती. मावशी कांद्याची माळ मांडीवर घेऊन खुर्चीतच बसून होत्या. मी वडा नेऊन दिला, तर म्हणाल्या, "पुढच्या संकष्टीला मंदिर आधी. आणि त्या काकांना बसमध्ये मागे बसव."