शेवटचा केर

बादली विकली आणि दुसऱ्याच दिवशी दाराला पाटी लागली.

सहा वर्षांत या पाटीला मी जितक्या शिव्या दिल्या असतील तितक्या नवऱ्यालाही दिल्या नसतील. दोरीला लटकवलेलं वीतभर लाकडी फळकूट, त्यावर कोरलेलं ‘केरवोखं’. जर्मनीत श्टुटगार्टला आलो तेव्हा त्यातला ‘केर’ एकदम ओळखीचा वाटला होता, आणि अर्थही तोच निघाला. केराचा आठवडा. ज्याच्या दाराला पाटी, त्याने त्या आठवड्यात अख्ख्या इमारतीचा जिना झाडायचा, पुसायचा, कठड्यावरून फडकं फिरवायचं, तळघराच्या पायऱ्या करायच्या, दारासमोरचा फुटपाथ झाडायचा आणि पाटी पुढच्या बिऱ्हाडाला लावायची. सहा बिऱ्हाडं, म्हणजे दर सहा आठवड्यांनी आपला नंबर.

हे खूळ आजचं नाही. कोलंबस भारत शोधायला निघाला ते साल 1492. त्याच साली इथला तेव्हाचा राज्यकर्ता, दाढीवाला एबरहार्ट, याने गावाच्या कायद्यात घालून दिलं, की प्रत्येकाने आठवड्याला आपली घाण हलवावी. 1988 मध्ये शहराने सक्ती काढून टाकली, पण तोवर केर लोकांच्या रक्तात आणि घरांच्या भाडेकरारांत जाऊन बसला होता. आमच्या करारात त्याचं स्वतंत्र कलम आहे.

आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, इंजिनियर झालीस ना? आणि लोकांचे जिने पुसतेस?” मी तिला ठसक्यात सांगितलं, की इथे डॉक्टरही पुसतात, श्रमाला कमी लेखत नाहीत. फोन ठेवला आणि बादलीला लाथ मारली.

खरी परीक्षक पाटी नव्हेच, वरच्या मजल्यावरच्या आजी. पहिल्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं, आमच्याच दारापुढचं पायपुसणं दोन बोटांनी उचललं आणि खालची धूळ दाखवली. एक शब्द बोलल्या नाहीत. पायपुसणं परत ठेवलं, कडा उंबऱ्याला समांतर केली आणि वर गेल्या. तेव्हापासून मी पायपुसणं उचलूनच पुसते. नाशिकला माझ्या स्वतःच्या घरात मी ते कधी उचललं नव्हतं. ते यशोदाबाई उचलत असाव्यात. किंवा नसाव्यात.

परत निघायचं ठरल्यापासून घरात नुसते कागद आणि खोकी. घर सोडायची नोटीस तीन महिने आधी, तीही कागदावर, सहीनिशी. ईमेल चालत नाही. नगरपालिकेत जाऊन ‘आम्ही इथे राहत नाही’ अशी नोंद करायची, तिचा कागद जपून ठेवायचा, कारण इतर सगळे करार त्याच्यावर तुटतात. नवऱ्याने भिंतीतली एकवीस भोकं पुट्टीने बुजवली आणि सगळं घर पांढरं रंगवलं. ड्रिल, हातोडा सगळं शनिवारपर्यंत उरकायचं, रविवारी आवाज करायचा नाही. पाळणाघराने मुलाला त्याच्या तीन वर्षांच्या चित्रांची जाडजूड फाइल दिली. ती मी अजून उघडलेली नाही.

आणि स्वयंपाकघर विकलं. इथे भाड्याच्या घरात बरेचदा स्वयंपाकाची खोली मिळते, पण ओटा, कपाटं, सिंक आपलं आपण आणायचं. आम्ही ते आधीच्या भाडेकरूकडून चौदाशे युरोला घेतलं होतं, आता पुढच्याला सहाशेला दिलं. तो टेप घेऊन आला, सगळे खण उघडून पाहिले, वरच्या कपाटात डोकं घातलं आणि थांबला. “मसाला,” म्हणाला. पन्नास युरो कमी करायला लावायचे असावेत. मी कमी केले नाहीत. सहा वर्षं त्या कपाटाखाली रोज फोडणी पडली आहे, वास येणारच. त्याने घेतलं तेवढ्यालाच.

नातेवाईक विचारतात, “का गं परत येताय? काही झालं का?” म्हणजे नोकरी गेली का. मी मावशीला सांगते, आईबाबांचं वय झालं. सासूबाईंना सांगते, नातवाला मराठी यायला हवं (तो झोपताना ‘मी बिस्ले म्यूडे आहे’ म्हणतो, म्हणजे जरा दमलोय; त्यातले ‘मी’ आणि ‘आहे’ तेवढे आपले). ऑफिसात सांगितलं, नाशिकला चांगली संधी आहे. तिन्ही खरं आहे. पण कुणाला काय सांगितलं ते आता लक्षात ठेवावं लागतं.

आई म्हणते, “इथे ये, जिन्याला हात लावावा लागणार नाही.” ते दिसतंच. आमच्या नाशिकच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पानाची पिचकारी मी दहावीत असल्यापासून आहे. सोसायटीने तिच्यावर देवाच्या टाइल्स बसवल्या, तर लोक टाइल्सच्या बाजूला थुंकायला लागले. मात्र त्याच जिन्यावरून, बाबांच्या छातीत दुखलं त्या रात्री दोन वाजता, चार शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट खाली नेलं होतं. एकाच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती. इथे कुणी असं करेल का, असं मी इथल्या मराठी मैत्रिणींना नेहमी ऐकवते.

ऐकवताना एक गोष्ट गाळते. मुलगा झाला त्या जानेवारीत रात्रभर बर्फ पडला आणि पाटी आमच्या दाराला होती. सकाळी सातच्या आत फुटपाथ मोकळा व्हायला हवा. नवरा दौऱ्यावर, बाळ नऊ दिवसांचं. साडेसहाला कशीबशी कोट चढवून खाली उतरले, तर सगळा बर्फ बाजूला ढकललेला, वर खडी टाकलेली, आणि सत्तरीतल्या आजी फावडं भिंतीला टेकवत होत्या. मी आभार मानले. त्या म्हणाल्या, “तुमच्या आठवड्यात कुणी घसरलं असतं तर?” हा उपकार की दम, हे मला आजवर कळलेलं नाही.

तर पाटी. हिशोबाने आमचा नंबर आम्ही गेल्यावर यायचा होता. पण खालचं कुटुंब सुट्टीला गेलं आणि जाताना त्यांनी अदलाबदल करून टाकली. बादली आणि मॉप आदल्याच दिवशी एक विद्यार्थी तीन युरोला घेऊन गेला होता. नवरा म्हणाला, “राहू दे ना, आता कोण विचारतंय? आपण चाललोय.” मलाही तेच हवं होतं. मी वर जाऊन आजींना सांगितलं, की बादली नाही. मनात होतं, त्या म्हणतील, जाऊ दे, मी करते.

त्या आत गेल्या आणि स्वतःची बादली घेऊन आल्या. निळी, तळाला चिकटपट्टीवर त्यांचं आडनाव. आत मॉप, घडी घातलेलं कोरडं फडकं आणि अर्धी बाटली साबण.

काल रात्री मुलाला घेऊन पुसायला बसले. तो कठडा पुसत होता, मी पायऱ्या. आमच्या दारापुढचं पायपुसणं कधीच खोक्यात गेलंय, तरी तिथे पोचल्यावर हात वाकला.

बादली सोमवारी सकाळी परत हवी, असं बजावलंय. आमचं विमान मंगळवारचं आहे.