झाड, धोंडा आणि साबण : शाळेतला कुत्र्यांचा तास

मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये आम्ही, म्हणजे दोन शिक्षक आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातला एक सहकारी, पोरांना कुत्र्यांपासून सांभाळून राहायला शिकवतो. सुरुवातीला परिपाठात दहा मिनिटं बोलायचो. पोरं "हो सर" म्हणायची आणि शाळा सुटल्यावर कुत्रं दिसलं की पळत सुटायची. आता भाषण बंद. पाऊण तास मैदानावर सराव, एका वेळी वीसच पोरं, चौथीपर्यंतची वेगळी.

त्याआधी शाळेचं आवार बघतो. उरलेली खिचडी कुंपणापाशी टाकली जात असेल तर मधल्या सुट्टीत कुत्री तिथं ठाण मांडणारच, आणि पोरं ताट धुवायला त्यांच्यातूनच नळावर जाणार. झाकणाची बादली आणि ती रोज नेणारा एखादा गुरंवाला, एवढी सोय झाल्याशिवाय तास घेऊन फारसा उपयोग होत नाही, असं आमचं मत झालंय.

सरावाचं कुत्रं जुन्या गोधडीच्या चिंध्यांचं आहे. पोटाला सुतळी, शेपटीत तार. खरं कुत्रं आणत नाही. घाबरलेलं पोर आणि बिथरलेलं कुत्रं समोरासमोर आणायची जोखीम कशाला? तार वाकवून शेपूट तीन प्रकारे दाखवता येते : सैल झुलणारी, ताठ वर उभी, आणि पायात घातलेली. "यातलं कोणतं चावेल?" असं विचारलं की बरीच पोरं तिसऱ्याला सोडून देतात, ते बिचारं दिसतं म्हणून. पण भ्यालेलं कुत्रं कोपऱ्यात सापडलं की चावतं. शेपूट हलली म्हणजे कुत्रं लाडात आलंय, हा तर मोठ्यांचाही गैरसमज. ताठ शेपटीचं टोक भराभर हलतंय, पाठीवरचे केस उभे आहेत, ओठ वर ओढलाय, अंग एकदम थबकलंय, तर जागीच थांबायचं.

थांबायचं म्हणजे झाड व्हायचं. पाय जुळवून उभं राहायचं, मुठी मिटून हात छातीशी, तोंड बंद, नजर स्वतःच्या पायाच्या अंगठ्यावर आणि मनात बेचा पाढा. सुतळी ओढून चिंध्यांचं कुत्रं जवळ आणलं की नजर हमखास वर जाते. तेवढ्यासाठीच पुन्हा पुन्हा करून घेतो, कारण डोळ्याला डोळा भिडवणं कुत्र्याला आव्हान वाटतं. पळणाऱ्याच्या मागं धावणं हा त्याचा स्वभावच. हालचाल आणि आरडाओरडा थांबला की बहुतेक कुत्री हुंगून निघून जातात. मग पाठ न फिरवता, तिरकं होऊन, हळूहळू मागं सरकायचं.

कुत्र्यानं खाली पाडलंच तर धोंडा. गुडघे पोटाशी, कपाळ जमिनीला, बोटं मानेमागं गुंफलेली, कोपरांनी कान झाकलेले. दप्तर पाठीवरच राहू द्यायचं, तेवढीच ढाल. लहान पोरांचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं, म्हणून चेहऱ्यावर आणि मानेवर चावे बसतात, आणि मेंदूच्या जवळचा चावा जास्त घातक. मोठी माणसं दगड उचलल्यासारखं वाकली की कुत्रं मागं हटतं, हे गावात सगळ्यांनी पाहिलंय. पोरांना मात्र आम्ही ते करू देत नाही. सहा वर्षांचं पोर वाकलं की तोंड थेट कुत्र्यापुढं.

वस्तीवरून सायकलनं येणाऱ्या पोरींना वेगळं सांगावं लागतं : पायडल जोरात मारू नका, उतरा, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मध्ये धरा. खाणाऱ्या, झोपलेल्या, साखळीला बांधलेल्या कुत्र्याजवळ जायचं नाही, मग ते स्वतःच्या शेतातल्या आखाड्यावरचं का असेना. मेंढ्यांच्या कळपाला लांबून वळसा घालायचा. राखणीचं कुत्रं आपलं काम करतंय, त्याला पोराचा खेळ कळत नाही.

तास वर्षातून दोनदा घेतो, जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच. भादव्यात कुत्र्या माजावर येतात, साधारण 63 दिवसांनी वितात, म्हणजे पोरं सुट्टीवरून परततात तेव्हा शाळेच्या ओसरीखाली, कडब्याच्या गंजीत पिल्लं असतात. पिल्लू उचलायला गेलेल्या पोराला कुत्री चावते. त्यात तिचा दोष नाही.

तासाचा शेवटचा भाग साबणाचा, आणि आम्हाला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळजवळ वाचतच नाही. जे करायचं ते त्याआधीच. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची. पोरांना 15 मिनिटं म्हणजे किती ते कळत नाही, दोन मिनिटांतच "झालं सर" म्हणतात. म्हणून घड्याळ समोर ठेवून एकाचा हात खरोखर धुतो, सगळी बघतात. तांब्यानं बारीक धार धरली तरी दोन घागरी लागतात. टँकरच्या गावात आई पाण्याकडं बघून हात आखडता घेते, म्हणून हे पालकांसमोरच करून दाखवतो. चुना, तिखट, हळद, तेल काहीच लावायचं नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही.

मग सरकारी दवाखाना. पोटातल्या 14 इंजेक्शनांची भीती अजून घराघरांत आहे. ती जुनी लस भारतात 2004 नंतर बनत नाही. आता लस दंडात देतात. कातडीत द्यायची असेल तर दोन्ही दंडांना 0.1 मिली, दिवस 0, 3, 7 आणि 28. पोरांना असं सांगतो : पहिली सोमवारी, तर दुसरी गुरुवारी, तिसरी पुढच्या सोमवारी, चौथी पहिलीपासून चार आठवड्यांनी, सोमवारीच. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं सीरमही, म्हणजे लसीचा परिणाम सुरू होईपर्यंत रेबीजला अडवणारं औषध, लागतं. त्यासाठी मोठ्या दवाखान्यात जावं लागलं तरी लसीचा पहिला डोस जवळच्या केंद्रात लगेच घ्यायचा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं, पण लसीसाठी तोवर थांबायचं नाही.

घोळ होतो तो चौथ्या डोसात. जखम भरलेली असते, आणि दिवाळीच्या सुमारास घरचे ऊसतोडीला निघतात. लसीचं कार्ड कोयत्यासोबत, मुकादमाच्या कागदांसोबत न्यायला सांगतो. डोस कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही मिळतो.

आणि हे सगळं सुरू व्हायला पोरानं घरी सांगितलं पाहिजे. कुत्र्याची खोडी काढली म्हणून मार बसेल, या भीतीनं पोरं ओरखडा बाहीखाली लपवतात. म्हणून प्रत्येकाकडून मोठ्यानं म्हणवून घेतो : "आई, मला कुत्रं चावलं. साबणानं धू. दवाखान्यात ने." पालकसभेत आयांकडूनही उत्तर म्हणवून घेतो : "कुठं चावलं? दाखव बरं." कसं चावलं, कुणाची चूक, ते जखम धुऊन झाल्यावर विचारायचं.