डॉक्टर व्हायचंय, तर फिजिक्स कुठलं घ्यावं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फिजिक्स शिकवते, त्यामुळे ऑगस्ट जवळ आला की इथल्या मराठी आईवडिलांकडून हा प्रश्न येतोच. 'मुलीला मेडिकलला जायचंय. कॉलेजच्या यादीत दोन फिजिक्स दिसतात, एक अल्जेब्रावालं आणि एक कॅल्क्युलसवालं. सोपं घेतलं तर चालेल ना? आणि मुळात डॉक्टरला फिजिक्स लागतं कशाला?'

पहिल्या भागाचं उत्तर छोटं आहे. चालेल. बरीच मेडिकल स्कूल्स प्रयोगशाळेसकट दोन सेमिस्टरचं फिजिक्स मागतात, आणि ते कॅल्क्युलसवालंच हवं असा बहुतेकांचा आग्रह नसतो. एमकॅट या मेडिकल स्कूलच्या प्रवेशपरीक्षेत कॅल्क्युलस लागत नाही. तिथे कॅल्क्युलेटरही नेता येत नाही, म्हणजे मोठे आकडे नीट हाताळायचा अंदाज मात्र पक्का हवा. पण अल्जेब्रावालं ते सोपं आणि कॅल्क्युलसवालं ते खरं, ही समजूत मला मान्य नाही.

ती कुठून येते हे मला कळतं. आपण बारावीला असताना पीसीएमवाले आणि पीसीबीवाले एकाच वर्गात बसायचे आणि फिजिक्सचं पुस्तक दोघांचं एकच असायचं. वाटा फुटायच्या त्यानंतर. एमबीबीएसला गेलेल्यांचा फिजिक्स या विषयाशी संबंध तिथेच संपायचा. इंजिनिअरिंगला गेलेल्यांना पहिल्या वर्षी अप्लाइड फिजिक्समध्ये लेसर, ऑप्टिकल फायबर, सेमीकंडक्टर असायचं आणि मेकॅनिक्स हा वेगळा पेपर. आजही नीटमध्ये १८० पैकी ४५ प्रश्न फिजिक्सचे असतात, आणि ती परीक्षा झाली की डॉक्टर होणारी बहुतेक मुलं ते पुस्तक मिटतात. अमेरिकेत मेडिकल स्कूल चार वर्षांच्या पदवीनंतर येतं. म्हणून फिजिक्स कॉलेजात, मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय निवडायच्या वयात समोर येतं, आणि कुणाला कुठलं फिजिक्स शिकवायचं हा प्रश्न विद्यापीठांना खरोखर सोडवावा लागतो.

प्रत्येकानं तो वेगळा सोडवलाय. एमआयटीत मेजर कुठलंही असो, यांत्रिकी आणि विद्युतचुंबकत्व सगळ्यांनाच करावं लागतं. बर्कलीत इंजिनिअरांसाठी फिजिक्स ७, जीवशास्त्राकडे जाणाऱ्यांसाठी फिजिक्स ८, फिजिक्सच मेजर असणाऱ्यांसाठी फिजिक्स ५ अशा वेगवेगळ्या मालिका आहेत. शिवाय विज्ञानाकडे न जाणाऱ्यांसाठी फिजिक्स १०, ज्याला रिचर्ड म्युलर यांनी 'भावी राष्ट्राध्यक्षांसाठी फिजिक्स' असं रूप दिलं. ऊर्जा, अण्वस्त्रं, उपग्रह, हवामान, असं उद्या देश चालवताना समोर येईल ते सगळं त्यात होतं. मला हा कोर्स फार महत्त्वाचा वाटतो, कारण ऐकणारा कोण आहे हे आधी पाहून त्यात विषय निवडले होते.

जीवशास्त्राच्या मुलांच्या बाबतीत नेमकं हेच वर्षानुवर्षं झालं नाही. इंजिनिअरांचा कोर्स घ्यायचा, त्यातलं कॅल्क्युलस काढायचं, उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याच्या जागी स्कीइंग करणारा माणूस घालायचा, आणि झालं जीवशास्त्राचं फिजिक्स. मुलांना वाटतं आपल्याला कमी प्रतीचं दिलंय. आणि अशा कोर्सबद्दल त्यांचं ते वाटणं बरोबर असतं.

वेगळं फिजिक्स म्हणजे काय, हे एका जिवाणूवरून सांगते. एडवर्ड पर्सेल हे हार्वर्डचे फिजिक्सवाले. अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुनादाबद्दल त्यांना १९५२ चं नोबेल मिळालं, आणि आजचं एमआरआय त्याच शोधातून आलं. १९७७ मध्ये त्यांचं एक व्याख्यान छापून आलं, जिवाणू पाण्यात कसा पोहतो याबद्दल. जिवाणू एवढा लहान, की त्याला पाणी म्हणजे आपल्याला काकवीचा हौद. त्यानं शेपटी फिरवणं थांबवलं तर तो किती पुढे सरकेल? पर्सेल यांनी आकडेमोड केली: सुमारे ०.१ अँगस्ट्रॉम, म्हणजे हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाचा साधारण दहावा भाग. वेळ, एका मायक्रोसेकंदाहूनही कमी. थांबला की थांबलाच.

आता वर्गात काय होतं बघा. पहिल्या सेमिस्टरला आलेल्या जवळपास प्रत्येक मुलाच्या मनात असतं की वस्तू हलती ठेवायची तर बल लावत राहावं लागतं. न्यूटन सांगतो की तसं नसतं, बल नसेल तर वस्तू त्याच वेगानं जात राहते. इंजिनिअरांच्या वर्गात आपण घर्षण नसलेला पृष्ठभाग धरतो आणि पुढे जातो. पण पेशीच्या जगात घर्षण नसलेली जागाच नाही. तिथे बल थांबलं की गती थांबते, वेग बलाच्या प्रमाणात असतो. न्यूटनचे नियम तिथेही तेच आहेत, फक्त पाण्याचा विरोध इतका मोठा की जडत्वाला वावच उरत नाही. पेशीचा अभ्यास करणाऱ्या मुलीला हे पहिल्या सेमिस्टरला सांगितलं, तर न्यूटन तिला तिच्या विषयात भेटतो. नाहीतर तो रॉकेट आणि बिलियर्डच्या चेंडूंपुरताच राहतो.

विसरणाचंही, म्हणजे डिफ्यूजनचंही, तसंच. साखरेसारखा लहान रेणू पाण्यात नुसता इकडेतिकडे धडपडत एक मायक्रोमीटर जायला साधारण अर्धा मिलिसेकंद घेतो. अंतर दहापट झालं तर वेळ शंभरपट होतो. त्या हिशेबानं एक सेंटिमीटर जायला अर्ध्या दिवसाहून जास्त, आणि एक मीटर जायला पंधरा वर्षांहून जास्त. हा गुणाकार फळ्यावर स्वतः करून बघितलेल्या मुलीला जिवाणूला हृदय का लागत नाही आणि माणसाला का लागतं हे वेगळं सांगावं लागत नाही. यात कॅल्क्युलस कुठे आहे? पण यापेक्षा खोल फिजिक्स मी पहिल्या वर्षाला शिकवत नाही.

रक्तवाहिनीचं उदाहरण तर डॉक्टरांच्या रोजच्या कामातलं. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाला प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. रक्त हा साधा द्रव नाही, त्यामुळे शरीरात हिशेब काटेकोरपणे इतका सरळ बसत नाही, पण धमनी थोडी अरुंद झाली तरी डॉक्टर एवढे गंभीर का होतात ते यातून समजतं. पूर्ण सिद्धता द्यायची तर इंटिग्रेशन लागतं. पण कारण त्याशिवायही सांगता येतं: त्रिज्या वाढली की छेदाचं क्षेत्रफळ वर्गानं वाढतं, आणि कडेला चिकटलेल्या थरापासून मधला द्रव लांब गेल्यामुळे त्याचा वेगही वर्गानं वाढतो. दोन वर्गांचा गुणाकार म्हणजे चौथा घात. हा नियम ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते प्वाझय पॅरिसचे डॉक्टर होते, आणि केशवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं याचाच विचार करत होते. ऊर्जेच्या अक्षय्यतेपर्यंत पोचलेले यूलियस मायर हे १८४० मध्ये जावाला गेलेल्या जहाजावरचे डॉक्टर. उष्ण हवेत खलाशांच्या शिरांमधलं रक्त जास्त लाल दिसतं हे त्यांनी पाहिलं आणि तिथून विचार सुरू झाला. १८४७ मध्ये तोच नियम गणितात नीट मांडणारे हेल्महोल्ट्झ सैन्यातले डॉक्टर होते. 'डॉक्टरला फिजिक्स कशाला' असं कुणी म्हटलं की मला हे तिघं आठवतात.

ऊर्जेवरून आणखी एक. जीवशास्त्राच्या तासाला मुलं ऐकतात की एटीपीमधला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला) बंध तुटला की ऊर्जा मिळते. रसायनशास्त्राच्या तासाला ऐकतात की बंध तोडायला ऊर्जा द्यावी लागते. दोन्ही वाक्यं वेगवेगळ्या परीक्षांत लिहून दोन्हीकडे गुण मिळवतात. खरं हे, की एटीपीतला बंध तोडायलाही ऊर्जा लागतेच, पण पाण्याबरोबर जे नवे बंध तयार होतात त्यांतून त्याहून जास्त मिळते, आणि वजाबाकी फायद्याची होते. ही गोष्ट स्थितिज ऊर्जेच्या आलेखावर दाखवायची जागा फिजिक्सचा तास हीच आहे. मेरीलँड विद्यापीठात एडवर्ड रेडिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना बरोबर घेऊन असा कोर्स नव्यानं बांधला. त्यात रासायनिक ऊर्जा, विसरण, एन्ट्रॉपी (ऊर्जा किती विखुरली याचं माप) हे विषय केंद्रस्थानी आणले. मी शिकवताना त्यांच्या कामाचा आधार घेते.

इंजिनिअरांचा कोर्स यापेक्षा वेगळा असायलाच हवा. त्यांना पुढच्याच वर्षी स्टॅटिक्स, डायनॅमिक्स, सर्किट्स करायची असतात. विद्युतभार पसरलेल्या दांड्याचं क्षेत्र काढणं, फिरणाऱ्या चाकाचं जडत्व काढणं, कपॅसिटर भरताना प्रवाह कसा घटतो ते समीकरणातून मिळवणं, हे हातात बसलं नाही तर पुढचं प्रत्येक पुस्तक अडतं.

मात्र एक अडचण दोन्ही वर्गांत सारखी आहे, आणि ती गणितातली नाही. १९९० च्या सुमारास हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी आपल्या वर्गाला बलाच्या मूलभूत कल्पनांवरची एक साधी चाचणी दिली. अशा चाचण्यांत प्रश्न येतो: मोठा ट्रक लहान गाडीवर आदळला, कुणाचं कुणावर बल जास्त? अवघड गणितं सोडवणारी मुलं 'ट्रकचं' म्हणतात. दोन्ही बलं सारखी असतात, हे न्यूटनच्या तिसऱ्या नियमात ती पाठ म्हणतात, तरीही. चाचणी सुरू असताना एका मुलीनं माझूरना विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तसं द्यायची, की मला वाटतं तशी? यानंतर त्यांनी नुसतं व्याख्यान देणं सोडलं. प्रश्न टाकायचा, मुलांना एकमेकांशी वाद घालू द्यायचा, मग पुन्हा विचारायचं. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६,००० हून जास्त विद्यार्थ्यांच्या ६२ कोर्सचे निकाल एकत्र मांडले. सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी २३ टक्के शिकून झालं होतं, मुलांना बोलतं करणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. म्हणून कोर्स निवडताना तो कॅल्क्युलसवाला आहे का याच्याइतकंच, तो कसा शिकवतात हे विचारा.

आता नेमका सल्ला. मुलगी इंजिनिअरिंगला जाणार असेल, बायोमेडिकल इंजिनिअरिंग धरून, तर कॅल्क्युलसवालंच घ्यायचं, तिथे पर्याय नाही. फिजिक्स मेजर करायची पुसटशी जरी इच्छा असली तरी तेच. तिचं मन अजून ठरलं नसेल आणि कॅल्क्युलस आधीच झालेलं असेल, तरी मी कॅल्क्युलसवाल्याकडे झुकेन, कारण मेजर बदललं तर ते बहुतेक ठिकाणी दोन्हीकडे धरतात, उलटं सहसा होत नाही. शाळेत एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचा कोर्स, केलं असेल तर हेच लक्षात ठेवायचं: एपी फिजिक्स १ आणि २ अल्जेब्रावाली आहेत, एपी फिजिक्स सी कॅल्क्युलसवालं, आणि कशाचं क्रेडिट मिळेल हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं.

आणि मेडिकलचं पक्कं असेल, तर दोन्ही कोर्सचे अभ्यासक्रम मागवून तिच्याबरोबर बसून वाचा. जीवशास्त्राच्या मुलांसाठीच्या कोर्समध्ये द्रव, विसरण, एन्ट्रॉपी, पेशीपटलावरचा विद्युतदाब, प्रकाश आणि प्रतिमा यांना पुरेसे आठवडे दिलेले दिसले, तर निर्धास्तपणे तो घ्या. दहा आठवडे ठोकळे आणि उतारच दिसले, तर विभागाला एक ईमेल पाठवून विचारा, की जीवशास्त्राचं यात काय आहे. अशा ईमेल आम्ही वाचतो, आणि त्या पालकांपेक्षा मुलांकडून आलेल्या जास्त चांगल्या.