सलग पावसाळी दिवसांची क्वेरी अखेर फंक्शनमध्ये

मागच्या नोंदीत अडलेले गाडे पुढे सरकले आहे. सलग पावसाळी दिवस शोधणारी ती लांबलचक क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) आता पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘सलग_पाऊस’ या नावाचे फंक्शन (नावाने पुन्हा पुन्हा वापरता येणारी क्वेरी) झाली असून ती वेगानेही चालते.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून भारतीय वेळेत साडेपंधरा तास मिळवून तारीख काढणारे छोटे फंक्शन आधीच वेगळे केले होते. त्यात ‘एशिया/कोलकाता’ हा वेळेचा पट्टा स्पष्ट लिहिल्यामुळे ते इम्यूटेबल (त्याच इनपुटला नेहमी तेच उत्तर देणारे) म्हणून घोषित करता येते आणि त्यावर इंडेक्सही (ओळी झटपट शोधून देणारी सूची) बांधता येतो.

खरा छळ मोठ्या फंक्शनने मांडला. व्ह्यू (साठवलेली, पण पॅरामीटर न घेणारी क्वेरी) केला असता, तर बाहेरची तारखेची अट विंडो फंक्शनच्या (शेजारच्या ओळी पाहून हिशेब करणाऱ्या फंक्शनच्या) आत उतरली नसती. म्हणून ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ हे पॅरामीटर घेतले आणि पर्जन्यमापन केंद्राची अट बाहेरच्या व्हेअरमध्ये (क्वेरीच्या अटींच्या भागात) ठेवली. उत्तरे अचूक येत होती, परंतु एकाच केंद्राची माहिती मागितली तरी सगळ्या केंद्रांचा हिशेब आधी होत असे. क्वेरी कशी चालणार हे दाखवणाऱ्या एक्स्प्लेनमध्ये केवळ ‘फंक्शन स्कॅन’ (फंक्शन पूर्ण चालवून त्याच्या ओळी वाचणे) आणि ओळींचा अंदाज 1000 एवढेच दिसे. हा आकडा मोजलेला नसतो, ओळींचा तपशील न दिल्यास पोस्टग्रेस तोच गृहीत धरते.

गाठ दोन शब्दांत होती. काहीच न लिहिल्यास फंक्शन व्होलाटाइल (दर वेळी वेगळे उत्तर देऊ शकणारे) मानले जाते, आणि टेबल परत करणारे फंक्शन व्होलाटाइल किंवा स्ट्रिक्ट (एखादा पॅरामीटर नल, म्हणजे रिकामा, असल्यास न चालणारे) असेल, तर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा भाग) ते उलगडून मूळ क्वेरीत मिसळत नाही. स्टेबल (एका क्वेरीपुरते उत्तर न बदलणारे) लिहिले, स्ट्रिक्ट काढले, आणि ‘फंक्शन स्कॅन’ नाहीसे होऊन त्या जागी केंद्राचा इंडेक्स झळकला! स्ट्रिक्ट गेल्याने काही बिघडले नाही. तारीख नल असेल, तर व्हेअरमधून तशाही शून्य ओळी येतात. ही सगळी झटापट पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन साधनातील ‘\ईएफ’ने (फंक्शन संपादनासाठी उघडणाऱ्या आज्ञेने) केली, फंक्शन घासूनपुसून घेण्यासाठी खिडक्याबटणांची साधने मला नकोशी वाटतात.

पुढे मासिक बेरजेचे फंक्शन करणार होतो, पण हे लिहिता लिहिता वाटते की आधी पावसाळी दिवसाची 2.5 मिलिमीटरची मर्यादा तिसरा पॅरामीटर म्हणून बाहेर काढावी, म्हणजे 64.5 देऊन जोरदार पावसाचे सलग दिवसही मिळतील. मात्र पॅरामीटर वाढल्यामुळे ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ ही आज्ञा येथे जुने फंक्शन बदलत नाही, त्याच नावाचे दुसरे उभे करते, आणि तिसऱ्याला डीफॉल्ट किंमत असेल तर दोन पॅरामीटरची हाक कोणाला हे ठरत नसल्याने एरर येते; तेव्हा जुने ड्रॉप करणे (काढून टाकणे) आले, आणि त्यावर बेतलेला तक्त्याचा व्ह्यू त्याच्याही आधी.