निवृत्तीआधी भाडं थांबवायचं होतं

लातूरहून फोन आला की दादांचा एकच प्रश्न असतो. एवढ्या पैशात औसा रोडला दुमजली बंगला झाला असता, मग सिडनीत दोन बेडरूमच्या फ्लॅटसाठी या वयात कर्ज कशाला? ते काळजीपोटी विचारतात, म्हणून नीट सांगते.

आम्ही इथे आलो तेच चाळिशी उलटल्यावर. लेकरांची शिक्षणं आणि घरभाडं यातून शिल्लक पडेपर्यंत पन्नाशी आली. ऑस्ट्रेलियात सरकारी पेन्शन 67 व्या वर्षी सुरू होते. तेव्हा पगार थांबतो, भाडं मात्र थांबत नाही. ओळखीच्या एका मावशींना सत्तरी ओलांडल्यावर घर रिकामं करावं लागलं, कारण मालकाला ते विकायचं होतं. दुसरं घर बघायला त्या काठी टेकत रांगेत उभ्या, आणि मागेपुढे सगळी नोकरदार तरुण जोडपी. घरमालक कोणाला पसंत करणार, हे त्यांनाही कळत होतं. तेव्हाच आमचं ठरलं की घर लहान चालेल, पण म्हातारपणी कोणी ‘खाली करा’ म्हणता कामा नये.

आपल्याकडे पगारदाराचं गृहकर्ज बहुधा साठीच्या आत संपवायला लावतात. इथे 30 वर्षांचं मागता येतं, पण पन्नाशीतल्या माणसाला बँक विचारतेच, नोकरी संपल्यावर फेडणार कसं? आमचं उत्तर होतं सुपर, म्हणजे इथला भविष्य निर्वाह निधी. नोकरी देणाऱ्याला पगाराच्या 12 टक्के त्यात भरावे लागतात, आणि साठीनंतर निवृत्त झालं की ते एकरकमी काढता येतात. म्हणून उरलेलं कर्ज सुपरमधून फिटेल आणि वर पोटापुरतं शिल्लक राहील, एवढ्याच किमतीचं घर बघितलं. ऑक्टोबर 2025 पासून पहिलं घर घेणाऱ्याला सरकारच्या हमीवर फक्त 5 टक्के भरून कर्ज मिळतं. तिशीतल्यांना ते सोयीचं आहे. आमच्या वयात 95 टक्के कर्ज डोक्यावर घेणं मला पटलं नाही.

इथे शनिवारी घराच्या अंगणातच लिलाव होतात. हातोडा पडला की तिथेच करारावर सही, आणि साधारण 10 टक्के रक्कम भरायची. साध्या खरेदीत माघार घ्यायला कामकाजाचे 5 दिवस मिळतात, लिलावात एकही नाही. समोरचा बोली वाढवतो तसे लोक ठरवलेल्या आकड्याच्या कुठल्या कुठे जातात, हे बघितलं आणि आम्ही लिलावाची घरं सोडूनच दिली.

खरा वेळ घालवला तो स्ट्राटाच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या कागदांवर. एका देखण्या इमारतीच्या सभांच्या इतिवृत्तांत दरवर्षी बाथरूमच्या गळतीचा विषय होता आणि दुरुस्ती निधीत जेमतेम पैसे. जादा वर्गणी येणार हे उघड होतं. कर्ज फिटतं, वर्गणी मरेपर्यंत भरायची असते. शेवटी वेंटवर्थविलला लाल विटांच्या जुन्या तीन मजली इमारतीत तळमजला घेतला. लिफ्ट नाही, पोहण्याचा तलाव नाही, म्हणून वर्गणी कमी. किंमत 8 लाख डॉलरच्या आत असल्यामुळे पहिलं घर म्हणून मुद्रांक शुल्कही माफ झालं.

दादांनी मध्येच सुचवलं होतं, तुझ्या वाट्याचं शेत विकून कर्ज कमी कर. मनानं मी तयार नाही, पण हिशेब त्यांच्या बाजूने आहे. मालमत्ता जास्त तर इथली सरकारी पेन्शन कमी होते. ती ठरवताना सरकार राहतं घर मालमत्तेत धरत नाही, पण परदेशातली जमीन, प्लॉट धरतं. औशाचं कोरडवाहू शेत आम्हाला भाकरी देत नसलं तरी कागदावर ती संपत्तीच. शेतजमीन एकदा विकली की परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मला ती भारतात पुन्हा विकत घेता येणार नाही. सध्या सातबारावर नाव तसंच ठेवलंय. सोयाबीन दादाच घेतात, आणि 67 जवळ येईपर्यंत तो निर्णय मी घेणार नाही, असं त्यांना सांगितलंय.